गजाचं माप

माणसाचं तोंड बघून मी सांगतो, ह्यानं तिकीट काढलंय का न्हाई. बावीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, ती काय नुसती घंटी मारायला न्हाई. म्हणून आमचे सरपंच फुलसिंग जवा म्हणले, "रत्नपाल, बापाच्या बंदुकीला कारागीर बघ, पण खात्रीचा बघ बरं," तवा मी छाती ठोकून सांगितलं, "माणूस ओळखायचं माझ्यावर सोडा." जीभ लई चालते माझी. आता आठवलं की लाज वाटते.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. हिंगोली तवा जिल्हा झाला नव्हता, आमी परभणीतच मोडत होतो. सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तीला पन्नास वर्षं होणार होती. आमचं गाव शिरड शहापूरच्या अंगाला, ओढ्याकाठी. ग्रामपंचायतीनं ठरवलं की झेंडावंदन झालं की रामजीबाबाचा, म्हणजे माझ्या बापाचा, सत्कार करायचा आन् त्यांनी त्याच बंदुकीनं हवेत एक बार काढायचा. पोलीस पाटलानं ठाण्यातून परवानगी बी आणून ठेवली.

'तीच बंदूक' म्हणजे काय, ते आमच्या गावातलं शेंबडं पोरगं बी सांगतं. अठ्ठेचाळीस साली रझाकारांची एक टोळी ओढ्यातून गावावर चालून आली. बाबा तवा अठ्ठावीस वर्षांचे, देशमुखाच्या मळ्यावर राखणीला. डुकरं हाकायला देशमुखानं दिलेली ठासणीची बंदूक त्यांच्याजवळ. नळीच्या तोंडातून दारू घालायची, छर्रे घालायचे, लांब गजानं ठासायचं, आन् मागं बारकी टोपी बसवायची, घोडा आपटला की पेटणारी, अशी ती जुनी चीज. सगळं गाव दारं लावून बसलं आन् माझा बाप एकटा बांधावर उभा राह्यला. एक बार काढला. टोळी आल्या पावली पळाली. पुढं देशमुखानं ती बंदूक बाबाच्याच नावावर करून दिली, रीतसर परवाना निघाला.

ज्या गावात माझ्या आज्याला चावडीची पायरी चढू देत नव्हते, त्या गावात बाबा दिसले की बाजेवरचे लोक उठून उभे राहायचे. एका बारामुळं! शाळेत मला कुणी जातीवरून टाकून बोललं की मी एवढंच विचारायचो, "तुझा आज्जा कुठं लपला होता रे त्या दिवशी?" की झालं, गप. आमच्या घराला ना शेत ना शिवार. होता तो हा एक बार. त्याला धक्का लागलेला मला खपणार नव्हता, मग समोर कुणी का असंना.

पण बंदुकीची दशा काय सांगू! पन्नास वर्षं आढ्याजवळच्या खुंटीवर टांगलेली. नळी गंजलेली, घोडा हलंना, दस्त्याला भेग पडलेली. आन् बाबा तिला कुणाला हात लावू देत न्हाईत. एकदा माझ्या बंटीनं कोठीवर चढून ती काढली आन् बहिणीवर, आकांक्षावर, नेम धरून "ठो!" म्हणला. बाबांनी त्याला असा हाणला की मला मधी पडावं लागलं. नातवंडांवर कधी आवाज न चढवणारा माणूस! म्हणलं, म्हाताऱ्याला लेकरांपेक्षा लोखंड प्यारं झालं. आठ दिवस मी बाबांशी धड बोललो न्हाई.

सत्काराचं ऐकून बाबा म्हणले, "हार घाला. बार नको."

"काहून?"

"जुनी झाली ती."

"म्हणूनच तं दुरुस्त करायची ना!"

"नको म्हणलं ना रत्ना!"

मग माझं डोकं फिरलं. म्हणलं, "बाबा, तुमाला नसंल त्याचं कौतुक. पण आमची इज्जत हाय त्या बारात, आमच्या लेकरांची हाय." बाबा भिंतीकडं तोंड करून पडले. मी तोच होकार समजलो. बंदूक चादरीत गुंडाळली, परवाना खिशात घातला आन् निघालो. चार सप्टेंबर होती त्या दिवशी.

पहिला गेलो हिंगोलीत नेमसिंगकडं. त्याचं वेल्डिंगचं दुकान. तोंड एकदम हसरं, चहा मागवला, "भाऊ, भाऊ" करून जीव लावला. मला पटला की माणूस! म्हणला, "दोन दिवस द्या. नळी गॅसवर लाल करतो, जंग उडून जातो. मंग पॉलिश. आरशावानी तोंड दिसंल." बंदूक त्याच्या टेबलावर ठेवून मी पायरी उतरलो सुद्धा. पण उतरताना दिसलं, त्याच्या कारखान्यात एक जुना पितळी समई-दिवा पडला होता, कुण्या देवळाचा. पार घासून गुळगुळीत केला होता, वरची नक्षी गायब. म्हणलं, हा माझ्या बापाची बंदूक लग्नातल्या वाजंत्र्याच्या पिपाणीवानी करून देईल. परत फिरलो आन् उचलून आणली. नेमसिंग रुसला. रुसू दे.

दुसरा नांदेडचा. बंदुकांचंच दुकान, काचेची कपाटं, मालक पांढऱ्या सफारीत. परवाना नीट वाचला, चष्म्यातून घोडा बघितला, त्यावरची चांदीची बारीक वेल बघितली. म्हणला, "ठेवून जा, महिनाभरानं या." म्हणलं, माझ्याजवळ महिना कुठं हाय, नऊ दिवस हायेत. म्हणला, "मग असं करा, ही मलाच द्या. बदल्यात चालू बंदूक देतो. बार काढायला कोणतीबी चालते, गावाला काय कळतंय?" बोलताना अंगठा त्या चांदीवरून फिरवून राहिला. मी तोंडाला येईल ते बोललो त्याला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राह्यली.

बसमधी बसलो खरा, पण जीव थाऱ्यावर न्हाई. कधी चादर सोडून बघ, कधी बांध. शेजारचा माणूस उठून मागं जाऊन बसला. आठ तारीख उलटून चालली होती आन् मला एक कारागीर भेटंना. खरं सांगायचं तं एक नाव मला पहिल्या दिवसापासून ठावं होतं. वारंगा फाट्यावरचे इब्राहीमचाचा. आमचा एक ड्रायव्हर सांगायचा की त्यांचे वडील निजामाच्या काळात हिंगोलीच्या छावणीत बंदुका दुरुस्त करायचे. पण गावात कुणीतरी म्हणलं होतं, "रझाकारावर चाललेली बंदूक मुसलमानाच्या हातात देतो का?" मी त्याच्यावर खेकसलो, आन् तरी बी ते नाव शेवटी ठेवलं. हे बी सांगितलंच पाहिजे.

फाट्यावर उतरलो. पत्र्याच्या शेडमधी सत्तरीचा माणूस फवारणीचा पंप उघडून बसलेला. तोंड असं आंबट की माझ्या बसमधी असता तं मी त्याचं तिकीट दोनदा तपासलं असतं. भिंतीवर दुरुस्तीचा सरकारी परवाना, फ्रेमला धूळ. मी चादर सोडली. ना हसले, ना चहा विचारला. बंदुकीकडं बघायच्या आधी मला विचारलं, "भरलेली हाय का?"

मला हसूच आलं. म्हणलं, "चाचा, हिचा शेवटचा बार होऊन पन्नास वर्षं झाली. त्याच्यामागं कोण भरतंय?"

"मी तुमाला न्हाई विचारलं," ते म्हणले. "तिला विचारून राहिलो."

आन् त्यांनी नळीखालचा गज ओढून काढला, नळीच्या तोंडातून आत सोडला. जिथं थांबला तिथं नखानं खूण धरली. गज बाहेर काढला, नळीच्या बाहेरून लावून बघितला. गजाचं टोक नळीच्या बुडापर्यंत पोचंना. चार बोटं अलीकडंच थांबलं. त्यांनी पुन्हा घातला, पुन्हा मापला. तेवढीच चार बोटं.

पंप घेऊन आलेल्या माणसाला ते म्हणले, "भाऊ, तुमी जरा रस्त्याच्या पल्याड जाऊन बसा." मग नळीचं तोंड शेताकडं केलं आन् मला म्हणले, "भरलेली हाय."

नेमसिंगचा गॅस आठवला. आकांक्षाच्या कपाळावर नेम धरून उभा असलेला बंटी आठवला. मी तिथंच पंपाच्या खोक्यावर बसलो.

चाचांनी घोड्याखालची जागा भिंगातून बघितली, मला बी दाखवली. "बघा. टोपी अजून बसलेली हाय, आन् ठेचलेली हाय. म्हणजे चाप ओढला होता, घोडा पडला होता. पण टोपी सादळलेली असंल, आग आत गेलीच न्हाई. आन् हे वरून लाल दिसतंय ना, ती लाख हाय. कुणीतरी जाणून ओतली, घोडा पुन्हा बसू नये म्हणून. लेकराबाळाच्या घरात असं करतात शहाणे लोक."

गजाच्या टोकाला त्यांनी पेच बसवला आन् फिरवत फिरवत आतलं एकेक बाहेर ओढलं. आधी चिंधीचा बोळा. मग छर्रे. मग कागदाचा बोळा. दारू मात्र पाणी ओतून भिजवूनच काढली, थेंबथेंब, घाई न्हाई. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो. शेवटी त्यांनी कागद पाटीवर उलगडला. निजामाच्या काळातली उर्दू पावती होती, देशमुखाच्या मळ्याचा सारा भरल्याची. चाचांनी चष्मा सारखा करून वाचलं, "सन तेराशे सत्तावन्न फसली."

"म्हणजे कधी?"

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. निजामाचं शेवटचं पुरतं साल."

मला कळायला येळ लागला न्हाई. बार झालाच नव्हता. त्या दिवशी भरलेली दारू अजून आतच होती. जे माझ्या घराचं एकुलतं धन, ते आतमधी पन्नास वर्षं ओलं होऊन पडलं होतं. मी उठून चाचांवर ओरडलो, "खोटं बोलून राहिले तुमी! रझाकारांवर चाललेली हाय म्हणून तुमच्या पोटात दुखून राहिलं!" असलं घाण बोललो मी, त्या माणसाला.

चाचांनी पेच पुसून डब्यात ठेवला. म्हणले, "त्या साली माझ्या घरात बी लई झालं. ते मी कुणाला सांगत न्हाई. हे बी न्हाई सांगणार. आमचे वालिद म्हणायचे, नळीत काय निघालं ते बंदूकवाल्यानं दुकानाबाहेर न्यायचं न्हाई." मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "हे तुमचं. तुमी ठरवा. बंदूक पंधरा तारखेला तयार होईल. चमकणार न्हाई, पण बराबर चालंल."

घरी पोचलो तं बाबा लिंबाखाली बाजेवर बसलेले. माझ्या तोंडाकडं बघितलं आन् हळूच विचारलं, "गज कुठंवर गेला?"

म्हणजे ह्यांना सगळं ठावं होतं! म्हणलं, "चार बोटं राह्यला."

बाबांनी मान हलवली. मग सांगितलं, मधी न थांबता. "दहा-पंधरा जण होते. चाप ओढला तं नुसतं टच् झालं. पळावं म्हणलं, पण पाय उचलंना, रत्ना. खरंच उचलंना. लुंगी ओली झाली माझी. तसाच बंदूक धरून उभा राह्यलो. ते थांबले, माझ्याकडं बघितलं, आपसात बोलले आन् वळले. तेवढ्यात देशमुखाच्या गढीचा दरवाजा कुणीतरी घाईनं लावला, धाडकन. लोकांनी आतून तेच ऐकलं. बाहेर आले आन् म्हणले, रामजीनं बार काढला."

"मग सांगायचं ना तवाच!"

"सांगणार होतो. तेवढ्यात देशमुखीणबाई आल्या तांब्या घेऊन. एरवी वरून ओंजळीत ओतायच्या. त्या दिवशी तांब्या माझ्या हातात दिला." बाबांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "हातात दिला रे. मंग कसं सांगू?"

मी लाखेचं विचारलं. म्हणले, "तू झालास तवा ओतली. खाली करायला बार काढावा तं सारं गाव ऐकणार, म्हणणार आज काहून काढला. आन् गजानं काढायचं मला येत न्हाई. दुसऱ्याला द्यायची छाती झाली न्हाई."

मी हात जोडले. म्हणलं, "बाबा, जे झालं ते झालं. सतराला नुसता बार काढा. बोलू नका काही." बाबा हो बी म्हणले न्हाईत आन् न्हाई बी म्हणले न्हाईत. पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझ्या बसमधल्या लोकांना विचारा. दोघांना सुट्टे जास्त दिले, एकाला जिंतूरच्या ऐवजी वसमतचं तिकीट फाडलं, आन् घंटी मारायची इसरून दोन थांबे तसेच पुढं गेले. कागद वरच्या खिशात होता. सारखा हात तिथंच जायचा.

सतरा तारखेला इब्राहीमचाचा स्वतः बंदूक घेऊन पहिल्या बसनं आले. काल आपल्याच शेतात बाभळीला बांधून, लांबून दोरीनं एक बार काढून तपासली होती म्हणले. बंदूक तशीच काळी, जुनी, दस्त्याची भेग तेवढी साधलेली, चांदीची वेल जागच्या जागी. झेंडा झाला. चाचांनी नुसती दारू ठासली, छर्रा घातला न्हाई, टोपी बसवून बंदूक बाबांच्या हातात दिली आन् पार मागं जाऊन उभे राह्यले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या बापानं दस्ता खांद्याला लावला आन् चाप ओढला.

असा आवाज झाला की शाळेच्या पत्र्यावरचे सगळे पारवे उडाले. बाबा एक पाऊल मागं सरकले. लेकरं नाचायला लागली, टाळ्या थांबंनात. पुढं बसलेली पद्माबाई, गावातली सगळ्यात म्हातारी, डोळे पुसत म्हणली, "तोच आवाज गं माय! आगदी तोच!"

मला वाटलं, सुटलो बाबा. निभावलं.

तेवढ्यात सरपंचांनी माईक बाबांच्या पुढं केला. बाबा म्हणले, "जय भीम. त्या दिवशी बार झाला न्हाई. माझ्या जिंदगीतला हा पहिलाच बार. त्या दिवशी बंदूक पेटलीच न्हाई आन् मी लई भ्यालो होतो."

माझा हात खिशातल्या कागदावर गेला. आन् मग फुलसिंग हसले, जोरात टाळी वाजवून म्हणले, "बघा! एवढं करून बी म्हणतात मी काहीच केलं न्हाई. ह्याला म्हणतात मोठा माणूस!" सगळा जमाव हसायला लागला, टाळ्या वाजवायला लागला. पद्माबाई काठी टेकून उठली. "रामजी, म्हातारचळ लागला का तुला? ह्या कानानं ऐकलाय मी!" आणखी हशा. बाबा माईकसमोर उभे, ओठ हलून राहिले, पण कुणी ऐकंना. फुलसिंगांनी मागं हाक मारली, "चाचा, तुमी तं उघडली ना बंदूक? सांगा की ह्यांना!"

इब्राहीमचाचांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणले, "नळीत काय निघालं ते ज्याचं त्याला दिलं सरपंचसाहेब. त्यालाच विचारा."

सगळ्या माना माझ्याकडं. एक शब्द बोललो नसतो तं सगळं शाबूत राहत होतं. बाजेवरून उठणारी माणसं, लेकरांची इज्जत, सगळं. पण समोर माझा बाप उभा होता, हातात बंदूक घेऊन, पुन्हा एकटा. पन्नास वर्षांनी बी सगळं गाव दार लावूनच बसलं होतं, आन् आता त्यात मी बी होतो. मला हे सहन झालं न्हाई. मी खिशातून कागद काढला, माईकजवळ गेलो.

"बाबा खरं बोलून राहिलेत," मी म्हणलो. "त्या दिवशीची दारू आतच होती. हा तिच्यावर ठासलेला कागद. तुमी ऐकला तो गढीचा दरवाजा. बार नव्हता. माझा बाप न पेटलेली बंदूक घेऊन नुसताच उभा होता."

टाळ्या थांबल्या. फुलसिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राह्यले. पद्माबाई अजून काठीवर रेलून उभीच होती. तिनं लई येळ बाबांकडं बघितलं. "मंजी नुसताच उभा व्हता व्हय रं तू?" ती म्हणली. "आन् आमी आतून कड्या लावल्या व्हत्या."

जी जुनी माणसं खुर्चीवर होती त्यांनी एकेक करून माना खाली घातल्या. बाबांनी मागं बघितलं आन् हात केला, "इब्राहीमभाई, जरा इकडं या. गज टाकून बघा."

चाचा गर्दीतून पुढं आले. गज काढला आन् नळीच्या तोंडातून सोडून दिला. आत सरसरत गेला आन् बुडाच्या लोखंडावर टण्ण करून वाजला, माईक जवळच होता म्हणून सगळ्यांना ऐकू आला. बाबांनी हातानं मापून बघितलं. टोक तेवढंच वर राह्यलं होतं, जेवढं राहायला पाहिजे; ती चार बोटं आता आत गेली होती.

"गेला," बाबा म्हणले, आन् खाली बसले.